जुने जेसीबी मशीन जोर धरत नाही: दोष गिअरबॉक्सचा की आणखी कशाचा?

उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही रस्त्याने गेले तरी एखादे पिवळे मशीन कुठेतरी खोदताना दिसतेच. नाला खोलीकरण, शेततळे, पांदण रस्ता, संत्र्याचे खड्डे, पाइपलाइनची चारी, घराचा पाया ही सगळी कामे मार्चपासून मृगाच्या पावसापर्यंत उरकायची असतात. एकदा काळी माती भिजली की मशीन वावरात उतरत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेले जलयुक्त शिवार अभियान, २०१६ ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना, त्याच वर्षी पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये वरूड तालुक्याचा समावेश, यामुळे या भागात मशीनच्या तासांना मागणी वाढली. त्या काळात घेतलेली बरीच मशीन आज जुनी झाली आहेत आणि अजून कामावर आहेत.

अशा जुन्या मशीनची ठरलेली तक्रार म्हणजे ‘मशीन जोर धरत नाही’. बकेट उचलते, मागचा हात खोदतो, इंजिनाचा आवाजही नेहमीसारखा असतो. पण मशीन पुढे सरकत नाही, चढावर अडते किंवा दुपारनंतर जागेवरच बसते. मग ‘गिअरबॉक्स गेला’ असे निदान होते आणि तो उतरवला जातो. खोलल्यावर कधी कळते की दोष हँडब्रेकच्या स्विचमध्ये होता, कधी तेलाच्या जाळीत, तर कधी मागच्या अ‍ॅक्सलमध्ये. ज्याचे एकच मशीन आहे आणि त्यावर हप्ता चालू आहे, त्याचा अशा चुकीत अख्खा हंगाम जातो. वास्तविक गिअरबॉक्स खोलणे ही तपासणीची शेवटची पायरी. दोष कोणत्या भागात आहे हे त्याआधी तेलाची काडी, कान, हाताला लागणारी उष्णता आणि जमिनीवरून उचललेली चाके यांवरून बऱ्यापैकी सांगता येते.

नेमके कोणते मशीन?

जेसीबी हे यंत्राचे नाव नाही, कंपनीचे आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या कंपनीची ती आद्याक्षरे. यंत्राचे नाव बॅकहो लोडर: पुढे माल भरायची रुंद बकेट आणि मागे खोदायचा हात. भारतात ही कंपनी १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातल्या बल्लभगढला आली आणि २००३ मध्ये कारभार पूर्णपणे तिच्याकडे गेला. पुण्याजवळ तळेगावलाही तिचा कारखाना आहे. नाव इतके रुळले की केस, टाटा, महिंद्रा, टेरेक्स किंवा कॅटरपिलरचे मशीन आले तरी गावात ‘जेसीबी आला’ असेच म्हणतात. २०१९ च्या मे महिन्यात ‘जेसीबी की खुदाई’चे मीम देशभर फिरले, वऱ्हाडात मात्र खुदाई बघायला मोबाइलची गरज कधीच नव्हती.

नावाचा हा घोळ दुरुस्तीच्या वेळी अडचणीचा ठरतो. सगळ्याच कंपन्या गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल स्वतः बनवत नाहीत. काही मशीनमध्ये ते दुसऱ्या उत्पादकाचे असतात. पुण्याजवळ रांजणगावला कारखाना असलेली कॅरारो ही त्यातली एक. त्यामुळे मशीनवरच्या स्टिकरपेक्षा गिअरबॉक्सवर आणि अ‍ॅक्सलवर ठोकलेली छोटी धातूची पट्टी महत्त्वाची. चिखल खरवडून तिच्यावरचा क्रमांक आधी लिहून घ्यावा. तेल कोणते, दाब किती, सील कोणते, हे सगळे त्या क्रमांकावर ठरते.

चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून धुराचे नवे निकष लागू झाले आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स वाढले. इथे सांगितले आहे ते मुख्यतः त्याआधीच्या मशीनसाठी, जिथे पडद्यावर बिघाडाचा कोड येत नाही आणि माणसालाच शोध घ्यावा लागतो.

इंजिनापासून चाकापर्यंत

इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या भागांच्या साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात. बॅकहो लोडरमध्ये तिची पहिली कडी टॉर्क कन्व्हर्टर. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे, मध्ये तेल. इंजिन एक पंखा फिरवते, त्याने फेकलेले तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते. दोन्हींच्या मध्ये स्टेटर नावाचे तिसरे चक्र असते. परत येणाऱ्या तेलाची दिशा बदलून ते सुरुवातीचा जोर साधारण दोन ते तीन पट वाढवते. म्हणून मशीन ढिगाऱ्यात बकेट घुसवून थांबले तरी इंजिन बंद पडत नाही.

पुढची कडी फॉरवर्ड-रिव्हर्सची. स्टिअरिंगजवळचा लिव्हर सरकवला की विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह तेलाला वाट देतो आणि तेलाच्या दाबाने क्लच प्लेट्सचा एक गठ्ठा आवळला जातो. पुढे जाण्यासाठी एक गठ्ठा, मागे येण्यासाठी दुसरा. त्यानंतर गिअर, बहुतेक जुन्या मशीनमध्ये चार. मग जॉइंट शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, मागच्या अ‍ॅक्सलमधले क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियल, दोन बाजूंचे हाफ शाफ्ट आणि शेवटी चाकाच्या हबमधले छोटे गिअर.

एवढा क्रम डोक्यात असला की निम्मे काम झाले.

फिरणे कुठे थांबते?

मशीन अजिबात हलत नसेल तर पहिला प्रश्न: बकेट आणि बूम चालतात का? बहुतेक बॅकहो लोडरमध्ये हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला असतो आणि त्याला फिरवणारा शाफ्ट कन्व्हर्टरच्या इंजिनाकडच्या बाजूने येतो. बूम चालतोय याचा अर्थ इंजिन आणि कन्व्हर्टर यांना जोडणारी प्लेट शाबूत आहे. बूमही बंद आणि चाकेही बंद, इंजिन मात्र मोकळे फिरतेय, तर संशय त्या प्लेटवर. ती तडकायला लागते तेव्हा मंद फेऱ्यांवर खडखड आवाज येऊ लागतो. हा आवाज इंजिनाच्या बेअरिंगचा समजून इंजिन खोलले जाण्याचा धोका असतो.

दुसरा प्रश्न: जॉइंट शाफ्ट फिरतो का? मशीन सपाट जागेवर घेऊन पुढची बकेट जमिनीला टेकवायची, मागचे जॅक टेकवून मागची चाके जेमतेम जमिनीवरून उचलायची आणि जॅकच्या भरवशावर न राहता अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे किंवा स्टँड द्यायचे. ऑपरेटर केबिनमध्ये, पाहणारा बाजूला आणि लांब. पहिल्या गिअरमध्ये मंद फेऱ्यांवर लिव्हर फॉरवर्डला टाकला की शाफ्ट फिरायला हवा. शाफ्ट फिरतो पण चाक फिरत नाही, तर दोष अ‍ॅक्सलमध्ये: हाफ शाफ्ट तुटला, क्राउन-पिनियनचे दात गेले किंवा हबमधले गिअर झिजले. शाफ्टच फिरत नाही, तर दोष शाफ्टच्या आधी. या एका तपासणीने साखळीचे दोन तुकडे होतात आणि एक तुकडा संशयातून बाहेर पडतो. ऑपरेटर गाडीत असताना आणि इंजिन चालू असताना मशीनखाली कोणीही जायचे नाही, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

शाफ्ट फिरत नसेल तरी लगेच गिअरबॉक्सकडे पाना न्यायचा नाही. आधी वीज. बऱ्याच मशीनमध्ये हँडब्रेक ओढलेला असेल तर ड्राइव्ह आपोआप तुटतो. हँडब्रेकचा स्विच खराब झाला की ब्रेक सोडला तरी मशीनला तो ओढलेलाच वाटतो आणि दोन्ही दिशांना मशीन मेल्यासारखे उभे राहते. गिअर लिव्हरच्या मुठीवरही एक बटण असते. गिअर बदलताना ते दाबले की ड्राइव्ह सुटतो. धुळीने ते अडकले की परिणाम तोच. मग फ्यूज, फॉरवर्ड-रिव्हर्स लिव्हरखालची जोडणी आणि गिअरबॉक्सवरच्या सोलेनॉइडपर्यंत गेलेली वायर. गोठ्याजवळ किंवा शेतातल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या मशीनच्या वायरी उंदीर कुरतडतात. इंजिन बंद, किल्ली चालू, लिव्हर पुढे-मागे केला की सोलेनॉइडचा ‘टिक’ आवाज अनेक मशीनमध्ये ऐकू येतो. येत नसेल तर मल्टिमीटर लावून तिथपर्यंत १२ व्होल्ट पोचतात का हे पाहावे. काही मशीनमध्ये इंजिन चालू असल्याशिवाय हा प्रवाहच येत नाही, तेवढे पुस्तकात बघून घ्यावे.

मशीन हलते पण एकाच दिशेला जोर नाही, तेव्हा निदान सोपे. रिव्हर्स दणक्यात आणि फॉरवर्ड ढिला, तर तेलाचा पंप, जाळी, कन्व्हर्टर, अ‍ॅक्सल हे सगळे निर्दोष. कारण ते दोन्ही दिशांना सारखेच काम करतात. उरतात फक्त फॉरवर्डचा सोलेनॉइड, त्याचा व्हॉल्व्ह, क्लचचे सील आणि प्लेट्स. लोडरच्या कामात ढिगाऱ्यात घुसण्याचा सगळा ताण फॉरवर्डवर येतो, म्हणून तोच आधी झिजतो. दोन्ही दिशांना जोर कमी असेल तर उलट: दोन्हींना सामाईक असलेली जागा शोधायची, म्हणजे तेल, जाळी, पंप, दाब, कन्व्हर्टर. आणि तक्रार एकाच गिअरपुरती असेल, बाकी तीन नीट असतील, तर त्या गिअरचे दात किंवा सिंक्रो.

तेलाची काडी काय सांगते?

तेलाची पातळी पाहणे हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त चुकीचे केले जाणारेही. काही गिअरबॉक्समध्ये इंजिन मंद चालू ठेवून पातळी पाहायची असते, काहींमध्ये इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून. एका मशीनची सवय दुसऱ्याला लावली की तेल कमी किंवा जास्त भरले जाते. कमी तेलात पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतो. जास्त तेल गिअरमध्ये घुसळून फेसाळते, तापते, आणि लक्षणे पुन्हा तीच दिसतात.

वास आणि रंग पुढचे सांगतात. करपट वास आणि काळपट रंग म्हणजे क्लच प्लेट्स घसरून जळत आहेत. ताकासारखे पांढरट तेल म्हणजे पाणी शिरले आहे. पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि त्याच वेळी हायड्रॉलिक टाकीतले तेल घटत असेल, तर हायड्रॉलिक पंपाच्या शाफ्टचे सील गेले आहे आणि ते तेल गिअरबॉक्समध्ये उतरते आहे. इथे गिअरबॉक्सचा काही दोष नसतो. पण असेच चालवले तर लवकरच असेल.

तेल काढताना ते स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढावे आणि उन्हात धरून पाहावे. तळाच्या प्लगला किंवा जाळीला चिकटलेले काय आहे ते बोटांवर चोळून बघावे. लोहचुंबकाला लागलेली करड्या रंगाची बारीक भुकटी जुन्या मशीनमध्ये नेहमीच सापडते, तिने घाबरून जायचे कारण नाही. टोचणारे चमकदार तुकडे सापडले तर बेअरिंग किंवा गिअरचे दात. पिवळसर, चुंबकाला न लागणारे कण सिंक्रोच्या रिंगचे किंवा पितळी वॉशरचे. चंदेरी पण चुंबकाला न चिकटणारी भुकटी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि ती बहुधा कन्व्हर्टरमधून येते. काळे, कागदासारखे चुरगळणारे कण म्हणजे क्लच प्लेटचे अस्तर. जाळी या काळ्या गाळाने भरली असेल तर ती धुऊन मशीन काही दिवस चालेलही, पण अस्तर परत येणार नाही.

कोणते तेल घालायचे याबाबत ‘तेल ते तेल’ हा समज सर्वाधिक नुकसान करतो. कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला पातळ तेल लागते. अ‍ॅक्सलच्या आत तेलात बुडालेले ब्रेक असतील तर त्या ब्रेकना चालणारे खास अ‍ॅक्सल ऑइल लागते. तिथे दुकानात सहज मिळणारे नव्वद नंबरचे गिअर ऑइल टाकले की ब्रेक दाबताना अ‍ॅक्सल हंबरल्यासारखा आवाज करते आणि प्लेट्स खराब होतात. ब्रेकच्या टाकीचेही तसेच. ज्या मशीनला खनिज तेल सांगितले आहे तिथे गाड्यांचे नेहमीचे ब्रेक ऑइल घातले तर रबरी सील फुगतात. मग ब्रेकची टाकी रिकामी होत जाते, बाहेर थेंब दिसत नाही, कारण ते तेल आतल्या आत अ‍ॅक्सलमध्ये जात असते.

सकाळी चालते, दुपारी बसते

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. गिअरबॉक्सचे तेल साधारण ८० ते १०० अंशांच्या दरम्यान काम करते. हवा २५ अंश असेल तर तेलाची उष्णता कूलरमधून सहज बाहेर पडते, ४५ अंशांत तीच जाळी अपुरी पडू लागते. त्यात जाळीवर मुरमाची धूळ, वाळलेले गवत, जिनिंगच्या आवारात काम केले असेल तर रुई. बाहेरचा रेडिएटर स्वच्छ दिसतो आणि त्याच्या मागे-पुढे बसवलेला कूलर मात्र गच्च भरलेला असतो. म्हणून दोन्हींच्या मधली फट टॉर्च लावून पाहावी. पाण्याचा किंवा हवेचा मारा पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला करावा, नाहीतर कचरा आणखी आत बसतो.

सकाळी ठणठणीत आणि तापल्यावर ढिले, हे लक्षण निदानासाठी फार कामाचे आहे. तेल तापले की पातळ होते. आतली सील रिंग, पंप किंवा क्लचचा पिस्टन झिजलेला असेल तर थंड, घट्ट तेल गळती झाकून ठेवते. पातळ तेल झाकू शकत नाही. दाब पडतो आणि क्लच घसरतो. घसरण्याने आणखी उष्णता, उष्णतेने आणखी घसरण. अशा मशीनला तासभर सावलीत उभे केले की ते पुन्हा चालते, आणि ‘इलेक्ट्रिकचा लफडा’ समजून वायरमनकडे नेले जाते. गिअरबॉक्सच्या तपासणीच्या छिद्रावर प्रेशर गेज लावून एकदा थंड असताना आणि एकदा तापल्यावर आकडा घेतला की वाद मिटतो. थंड असताना बरोबर आणि तापल्यावर घटलेला दाब म्हणजे आतली गळती. दोन्ही वेळा कमी असेल तर आधी जाळी, फिल्टर आणि दाब ठरवणारा व्हॉल्व्ह पाहायचा.

उलटे लक्षणही असते. सकाळी लिव्हर टाकल्यावर मशीन काही क्षण विचार करते आणि मग झटक्याने निघते, तापल्यावर सुरळीत. इथे जाळी तुंबलेली असण्याचा, चुकीचे घट्ट तेल असण्याचा किंवा सील कडक झाल्याचा संशय घ्यावा.

स्टॉल टेस्ट: दहा सेकंदांची परीक्षा

इंजिन कमजोर आहे, कन्व्हर्टर खराब आहे की क्लच घसरतो आहे, हे वेगळे करायची एक जुनी रीत म्हणजे स्टॉल टेस्ट. मशीन मोकळ्या सपाट जागेवर, समोर भक्कम बांध किंवा ढिगारा, आसपास माणूस नाही. आधी काम करून तेल पूर्ण तापवून घ्यायचे. फूटब्रेक पूर्ण दाबून धरायचा; हँडब्रेकने ड्राइव्ह तुटत असल्याने या परीक्षेत त्याचा उपयोग होतोच असे नाही. सर्वांत वरचा गिअर टाकायचा, कारण त्यात चाकावरचा जोर सर्वांत कमी असतो आणि ब्रेक मशीनला धरून ठेवू शकतो. लिव्हर फॉरवर्डला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण, आणि इंजिनाच्या फेऱ्या कुठे स्थिरावतात ते वाचायचे. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग न्यूट्रल करून एक-दोन मिनिटे मध्यम फेऱ्यांवर तेल थंड होऊ द्यायचे. त्यानंतर हेच रिव्हर्समध्ये.

मिळालेला आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचा. फेऱ्या पुस्तकापेक्षा जास्त गेल्या तर कुठेतरी क्लच घसरतो आहे. एकाच दिशेत जास्त गेल्या तर त्या दिशेचा. फेऱ्या कमी राहिल्या तर दोन शक्यता. इंजिनातच दम नाही, म्हणजे डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, पंप, नोझल; अशा वेळी बूमही मंद चालतो. किंवा स्टेटर एका दिशेने अडण्याऐवजी मोकळा फिरतो आहे. तेव्हा इंजिन आणि बूम ठीक असतात, सपाट रस्त्यावर मशीन नेहमीच्या वेगाने जाते, पण ढिगाऱ्यात घुसताना आणि चढावर जीव राहत नाही. स्टेटर कायमचा अडकून बसला तर चित्र उलटे होते: जोर पूर्ण, स्टॉलचा आकडाही बरोबर, पण रस्त्यावर वेग चढत नाही आणि तेल फार तापते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून जाणारे पण अमरावती-अकोला सपाट महामार्गावर रेंगाळणारे मशीन या शेवटच्या प्रकारात मोडते.

ही परीक्षा पुन्हा पुन्हा करायची नसते. इंजिनाची सगळी ताकद त्या दहा सेकंदांत तेलाची उष्णता होऊन जाते. ब्रेक कमजोर असलेल्या मशीनवर ती करूच नये.

आवाज कधी येतो?

आवाज कुठून येतो यापेक्षा तो कधी येतो हे विचारावे. लोखंडी चासीत आवाज प्रवास करतो आणि कान फसतात. मशीन उभे, न्यूट्रल, इंजिन चालू आणि घरघर येते, तर पंप, कन्व्हर्टर किंवा गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग. फक्त चालताना येतो, तर शाफ्ट किंवा अ‍ॅक्सल. फक्त वळताना कटकट होते, तर डिफरन्शियलचे छोटे गिअर, कारण सरळ जाताना ते एकमेकांवर फिरतच नाहीत. चाकाच्या प्रत्येक फेरीला एक ठोका, तर त्या चाकाचा हब. फॉरवर्डमधून रिव्हर्स घेताना एकच मोठा खटका, तर आधी शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहायचे. क्रॉस बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि त्याला ग्रीस देणे पाच मिनिटांचे. तरीही झिजलेला क्रॉस तुटून शाफ्टने आजूबाजूचे पाइप आणि गिअरबॉक्सचे कव्हर फोडण्याचे प्रसंग येतात.

थोडे अंतर चालवल्यावर दोन्ही मागच्या हबना हात लावून पाहावा, आधी लांबून, कारण चटका बसू शकतो. दोन्ही सारखे कोमट हवेत. एक थंड आणि एक तापलेला असेल तर त्या बाजूचा ब्रेक पूर्ण सुटत नाही किंवा बेअरिंग जाते आहे. चिकटलेला ब्रेक हे ‘जोर धरत नाही’ या तक्रारीचे एक खरे कारण आहे आणि त्यात गिअरबॉक्सचा कसलाच संबंध नसतो.

काळी माती आणि नाल्याचे पाणी

वऱ्हाडातल्या मशीनचे अ‍ॅक्सल जरा वेगळे आयुष्य जगते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती ओली असताना चिकट आणि निसरडी. एक चाक रुतून गरगर फिरते, दुसरे उभे राहते. अशा वेळी डिफरन्शियलचे छोटे गिअर, जे वळणापुरते हळू फिरण्यासाठी केलेले असतात, भरधाव फिरतात आणि त्यांच्या वॉशरवर तेल टिकत नाही. त्यातच फिरणाऱ्या चाकाला खालचा मुरूम किंवा गोटा लागला की पकड एकदम मिळते. तो झटका हाफ शाफ्टवर आणि क्राउन-पिनियनच्या दातांवर येतो. रुतलेले मशीन काढताना जाणता ऑपरेटर चाके फिरवत बसत नाही. तो मागच्या बूमने जमीन धरून मशीन उचलतो, सरकवतो, आणि चाके हळूहळू तेवढीच साथ देतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. दिवसभर चालून तापलेला अ‍ॅक्सल नाल्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. त्यासाठी अ‍ॅक्सलवर एक छोटी श्वासनळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने बुजली असेल तर हवेऐवजी सीलच्या फटीतून पाणी आत जाते. आणि तापल्यावर उलट होते: आतला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आणि सीलमधून तेल बाहेर ढकलतो. हबचे सील बदलले, महिन्याभरात पुन्हा गळाले, पुन्हा बदलले, अशी तक्रार असेल तर तिसरे सील आणण्याआधी ब्रीदर काढून फुंकून पाहावा. गाळ काढण्याचे काम संपल्यावर अ‍ॅक्सलचा खालचा प्लग किंचित ढिला करून पहिले थेंब बघायची सवयही चांगली. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसते आणि आधी बाहेर येते.

फोर-व्हील ड्राइव्हच्या मशीनला आणखी एक जपणूक लागते. पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेराचे प्रमाण गिअरच्या प्रमाणाशी जुळवलेले असते. मागे नवे टायर आणि पुढे गोटा झालेले, किंवा वेगळ्याच मापाचे रिमोल्ड लावले की डांबरी रस्त्यावर पुढचे-मागचे अ‍ॅक्सल एकमेकांना ओढत राहतात. फोर-व्हील फक्त मऊ जमिनीत लावावा. रस्त्यावर तो सुटत नसेल तर तो स्वतंत्र बिघाड आहे.

बंद पडलेले मशीन ओढून नेताना

या प्रकारच्या गिअरबॉक्सला वंगण पोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून मशीन लांबवर ओढले तर चाकांमुळे गिअर आणि बेअरिंग कोरडेच फिरतात. रस्त्याच्या कडेला घेण्यापुरते हळू ओढणे वेगळे. गावापर्यंत न्यायचे असेल तर जॉइंट शाफ्ट सोडून ठेवावा किंवा मशीन ट्रेलरवर चढवावे. ढकलून सुरू करण्याचा प्रयत्नही व्यर्थ, कारण इंजिन बंद असताना क्लच आवळायला तेलाचा दाबच नसतो.

जुने मशीन विकत घेताना

तासांच्या मीटरवर विसंबू नये. तो बंद पडलेला किंवा बदललेला असू शकतो. पेडलचे रबर, लिव्हरची मूठ, बूमच्या पिनांमधली ढिलाई जास्त खरे सांगतात. मशीन थंड असताना पहिल्यांदा सुरू करायला लावावे, आणि व्यवहार दुपारी करावा. तासभर खोदून, भरून, चढावर नेऊन ते पूर्ण तापल्यावर फॉरवर्ड आणि रिव्हर्सची ओढ पुन्हा पाहावी. गिअरबॉक्सचे तेल अगदी ताजे आणि चकचकीत असेल तर जुने तेल कधी आणि का काढले ते विचारावे, आणि जमले तर फिल्टर कापून उघडावा. तेल बदलून रंग लपतो, पण नवा फिल्टर दोन दिवस चालला असेल तर त्याच्या घड्यांमध्ये क्लचचे काळे कण किंवा पिवळी चमक सापडायला लागते. मागची चाके उचलून न्यूट्रलमध्ये एक चाक हाताने फिरवावे. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरे चाक उलट दिशेने फिरते. न अडकता, करकर न करता ते फिरले आणि चाक मागे-पुढे हलवताना फार मोकळीक जाणवली नाही, तर अ‍ॅक्सल बऱ्या स्थितीत आहे. चाक तुटक-तुटक फिरत असेल, तर पुढची तपासणी त्या बाजूचा हब उघडूनच करावी लागते.